नवी डर्ट बाइक: इंजिनची चिंता थोडी कमी, स्पोकची थोडी जास्त

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. रस्त्यावरची मोटरसायकल बरीच वर्षं चालवते. मैत्रिणीच्या डर्ट बाइकवर ट्रॅकवर हात बसवला आणि आता स्वतःची, अगदी कोरी घ्यायची ठरवलंय. मोटोक्रॉसच्या, म्हणजे उड्या-वळणांच्या मातीच्या ट्रॅकवरच जास्त चालवणार, जंगलातली वाट मधूनच कधीतरी. उंची पाच फूट तीन इंच, वजन ५६ किलो. मी २५० फोर-स्ट्रोक बघतेय, पण भाऊ म्हणतो, घ्यायचीच तर ४५० घे, २५० सहा महिन्यांत कमी पडेल. विक्रेता म्हणतो, पहिले ५०० किलोमीटर सावकाश चालवा. ट्रॅकवरची मंडळी म्हणतात, पहिल्या दिवसापासून पिळून काढ, नाहीतर इंजिन जन्मभर मंद राहील. त्यात गाडीला किलोमीटरचा काटाच नाही! कोणाचं ऐकू? शिवाय सीट माझ्या कमरेच्या वर येते, ती कापून घेऊ का? आणि सुरुवातीचे काही तास भावाला चालवायला दिली तर चालेल?
— धूळ खायला तयार

उत्तर : तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच तिघंही धोकादायक आहेत. भावाचं तर अजिबातच ऐकू नका, पण त्याच्याकडे येतेच.

आधी विक्रेत्याचे ५०० किलोमीटर. हा सल्ला रस्त्यावरच्या गाडीचा आहे. मोटोक्रॉसच्या गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत, तासांत मोजतात. ट्रॅकवर सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटर धरला तरी ५०० किलोमीटर व्हायला चौदा तास लागतील. तोवर इंजिन ऑइल दोन-तीनदा बदलून झालेलं असायला हवं! त्यामुळे गाडीत कंपनीचा अवर मीटर नसेल तर पहिली खरेदी त्याची. काडेपेटीएवढी वस्तू असते, प्लगच्या वायरीभोवती तिची तार गुंडाळायची, की इंजिन चालू असलेला वेळ मोजला जातो. ऑइल, फिल्टर, व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळ्यांची वेळ यापुढे त्या आकड्यावरून ठरेल.

आता २५० की ४५०. यामाहाने १९९७ साली ४०० सीसीची फोर-स्ट्रोक शर्यतीत उतरवली आणि अमेरिकी रायडर डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस शर्यत) तिच्यावर जिंकली. तोवर मोठ्या वर्गात २५० टू-स्ट्रोकचं राज्य होतं. पुढच्या वर्षी ती गाडी वायझेड४००एफ म्हणून बाजारात आली, बाकीच्या कंपन्या मागोमाग धावल्या आणि बघता बघता ४५० फोर-स्ट्रोक ही सर्वोच्च वर्गाची गाडी होऊन बसली. म्हणजे भाऊ तुम्हाला सांगतोय ती व्यावसायिक रायडरच्या हातातली गाडी. ती वाईट आहे असं नाही, उलट फारच चांगली आहे. पण चुकीच्या वेळी मनगट जरा जास्त वळलं की ४५० माफ करत नाही, आणि दमलेल्या हाताचं मनगट हमखास चुकीच्या वेळी वळतं. वजनात दोघींत फार तर सात-आठ किलोंचा फरक. पण ४५० च्या इंजिनात फिरणारे भाग जड, त्यामुळे वळणात तिला आडवी पाडायला जोर जास्त लागतो. तुमच्या ५६ किलोंना २५० ची चाळीसेक अश्वशक्ती सहा महिन्यांत काय, सहा वर्षांतही कमी पडणार नाही. शिवाय २५० वर वळणात वेग टिकवावाच लागतो, तो न टिकवण्याचा आळशीपणा ४५० वर चालून जातो. शिकणाऱ्याला ही सक्ती सोन्यासारखी.

"मधूनच" असं तुम्ही लिहिलंय, तिथे मात्र स्वतःशी प्रामाणिक राहा. जंगलातली वाट मधूनच नसून खरं तर निम्मा वेळ असेल, तर मोटोक्रॉस गाडी घेऊच नका, एंड्युरो, म्हणजे जंगलवाटांसाठी बनवलेली डर्ट बाइक घ्या. मोटोक्रॉसचे गिअर जवळजवळ बसवलेले, सस्पेन्शन उड्यांसाठी कडक, मागचं चाक १९ इंची, रेडिएटरला बहुधा पंखा नाही, दिवा नाही. दगडधोंड्यांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दहा मिनिटं चालवलीत की पाणी उकळून बाहेर येतं. एंड्युरोचे गिअर दूरदूर, सस्पेन्शन मऊ, मागचं चाक १८ इंची, आणि त्या टायरच्या उंच बाजूंमुळे दगडावर रिम वाचते. ट्रॅकवर एंड्युरो जरा सुस्त वाटेल, पण चालेल. उलट मात्र फारसं चालत नाही. आणि मोटोक्रॉसची गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, ती ट्रॅकपर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागते, याची सोय आधी बघा.

मागच्या वर्षीचं मॉडेल कोरं शिल्लक असेल तर बेधडक घ्या. मोटोक्रॉस गाड्यांत दरवर्षी मोठे बदल होत नाहीत, बरेचदा स्टिकर बदलतात. वाचलेले पैसे बुटांत घाला. चकचकीत सायलेन्सरवर उडवाल तर गाडी मोठ्याने ओरडेल, एवढंच. सही करण्याआधी वॉरंटीचा कागद नीट वाचा. शर्यतीच्या गाड्यांना पुष्कळदा वॉरंटी नसतेच, किंवा नावापुरती असते. हे नंतर कळलं की फार झोंबतं.

सीट कापायची? थांबा. पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीची सीट जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटर असते, आणि दोन्ही टाचा टेकणारे लोक तिच्यावर कमीच. आधी सॅग मोजा. बूट-हेल्मेटसकट पूर्ण पोशाखात तुम्ही गाडीवर बसलात की मागची बाजू किती खाली जाते ते. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजायचं, मग तुम्ही बसल्यावर पुन्हा तेच. फरक १०० ते १०५ मिलिमीटर हवा. मागच्या स्प्रिंगवरची गोल चकती फिरवून तो आणता येतो.

तुमच्या बाबतीत गोम पुढे आहे. कंपनीची स्प्रिंग साधारण सत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी असते. चकती सैल करकरून तुम्ही १०५ गाठालही, पण मग गाडीवर कुणीच बसलेलं नसताना ती स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा. ३० ते ४० मिलिमीटर ठीक. त्याहून बरंच जास्त बसत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. हे ऐकायला उलटं वाटतं, रिकामी गाडी जास्त बसते म्हणजे स्प्रिंग मऊ असं कुणीही म्हणेल. पण कडक स्प्रिंगवरचा ताण नको इतका उतरवल्यावर गाडी अशी आधीच बसून राहते. ५६ किलोंना मऊ स्प्रिंग लागेल असा माझा अंदाज आहे, पुढच्या फोर्कलाही. ती बसली की गाडी तुमच्याखाली नीट दबते आणि उंचीची निम्मी तक्रार तिथेच मिटते. उरलेली निम्मी एका बाजूला सरकून एकच पाय टेकवायच्या सवयीने. एवढं करूनही भीती वाटली तर सीटचा फोम कापा. उंची कमी करणारी लिंक (मागच्या सस्पेन्शनचा जोडदांडा) मात्र सगळ्यात शेवटी, तिने गाडीची वळणातली वागणूक बदलते.

आता इंजिन. ट्रॅकवरच्या मंडळींच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे ते बघा. हल्लीच्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण थर असतो, त्यावर तिरप्या बारीक रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून भिंतीशी जुळतात. पण रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबाने, वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. दाब हवा तर इंजिनावर भार हवा. नुसतं उभ्या उभ्या आयडलवर तासभर सोडलं, किंवा एकाच मंद वेगात फिरवत राहिलं, तर रिंग नीट दाबली जात नाही, ऑइल भिंतीवर जळून चकाकी धरते आणि मग ती रिंग कधीच धड बसत नाही. म्हणजे "सावकाश चालवा"चा अतिरेक खरोखरच वाईट.

पण "पिळून काढ"ही तितकंच अर्धवट. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो चटकन तापून फुगतो. सिलिंडरभोवती थंड पाणी, तो मागे राहतो. गार इंजिनला कडकडून रेस दिली की फुगलेल्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि तो भिंतीला घासून अडकतो. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त होतं, पण फोर-स्ट्रोक काही अमर नाही. तेव्हा पिळायचं ते इंजिन पूर्ण तापल्यावर, आणि टप्प्याटप्प्याने.

कंपनीची पुस्तिका या बाबतीत सगळ्यांच्या वर. काहींचं ब्रेक-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला सांभाळून चालवून बसवणं, अर्ध्या तासात उरकतं, काही पहिले तीन तास पूर्ण ताकद लावू देत नाहीत. पुस्तिकेत जे लिहिलंय त्याच्या चौकटीत मी असं करेन. पहिल्यांदा चालू करून अगदी हलक्या, वरखाली रेसवर तीन-चार मिनिटं, दोन्ही रेडिएटरना हात लावून कोमट लागेपर्यंत. बंद. पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे हात लावला तर धातू गारच लागला पाहिजे. हे आणखी एकदा. मग ट्रॅकच्या सपाट भागावर किंवा मोकळ्या मैदानात पंधरा मिनिटं, रेस निम्म्याच्या आत, पण सतत बदलती: थोडी ओढा, सोडा, गिअर टाका, पुन्हा ओढा. रेस सोडल्यावर इंजिन गाडीला मागे खेचतं, तेही चांगलंच असतं. खोल वाळूत किंवा चिखलात नेऊ नका, तिथे इंजिन वेग न घेताच तापतं. पुन्हा गार. नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत रेस पाऊणपर्यंत, मधूनच दोन-तीन सेकंद पूर्ण. एवढंच आहे हो. ज्या विषयावर माणसं रात्र रात्र भांडतात, तो एका सकाळचा कार्यक्रम आहे.

याच सकाळी ब्रेकही बसवून घ्या. मध्यम वेगातून दहा-बारा वेळा हळूहळू वाढत्या जोराने वेग कमी करा, पूर्ण थांबून पॅड डिस्कवर दाबून धरू नका. नवे ब्रेक पहिल्यांदा लाकडासारखे लागतात, घाबरायचं कारण नाही.

माझ्या मते खरं ब्रेक-इन आहे ते इंजिनच्या बाहेर. नवी डर्ट बाइक खोक्यातून येते. चाक, हँडल, मडगार्ड असं काही ना काही विक्रेत्याकडे जोडलं जातं, आणि जोडणाऱ्याला त्या दिवशी आणखी तीन खोकी फोडायची असतात. गाडी घरी आली की पुस्तिकेतले टॉर्कचे (कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे समोर ठेवून टॉर्क पान्याने सगळे महत्त्वाचे नट-बोल्ट तपासा: हँडलचे क्लॅम्प, फोर्क धरणारे बोल्ट, दोन्ही आस, इंजिनचे माउंट, मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट. स्प्रॉकेटचे बोल्ट हमखास ढिले पडतात. एक गेला की बाकीचे मागोमाग जातात आणि हबची भोकं लांबट होतात.

मागच्या सस्पेन्शनची लिंक आणि हँडलचे बेअरिंग उघडून ग्रीस भरून घ्या. कारखान्यातून तिथे पुष्कळदा ग्रीसचं नुसतं बोट फिरवलेलं असतं. दोन-चार धुण्यांत पाणी आत शिरतं, सुईसारखे बेअरिंग गंजतात, आणि लिंक जाम झाली की तुम्ही कितीही सॅग मोजा, सगळं पाण्यात. हे काम पहिल्याच आठवड्यात सोपं, वर्षभराने हातोड्याचं. एअर फिल्टरही उघडा. कोरा फिल्टर कधीकधी जवळपास कोरडाच असतो. फोमच्या फिल्टरला त्याचं चिकट ऑइल पूर्ण भिजेपर्यंत चोळायचं, जास्तीचं दाबून काढायचं (पिळायचं नाही, फोम फाटतो) आणि कडेला पातळ ग्रीस लावून बसवायचा. फिल्टरच्या कडेतून शिरलेली धूळ थेट त्या रिंगांवर जाते, ज्यांची तुम्हाला इतकी काळजी वाटतेय. टायरमध्ये विक्रेत्याने रस्त्यासारखी हवा भरलेली असू शकते, ती १२ ते १४ पीएसआयवर आणा.

आता स्पोक. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या उड्यांमध्ये आपापल्या जागी बसतात आणि सैल होतात. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर, मग अर्ध्या तासानंतर, आणि पहिले पाच तास दर वेळी उतरल्यावर तपासा. लहान पाना घेऊन एकेका स्पोकवर टकटक करत चाक फिरवा. आवळलेला स्पोक स्वच्छ वाजतो, ढिला बद्द वाजतो. चार-पाच स्पोकनंतर कान आपोआप लागतो. बद्द वाजणारे सापडले तर पाव फेऱ्याहून जास्त आवळू नका, आणि ओळीने नको, दोन सोडून तिसरा असं पुढे जात फेऱ्या पूर्ण करा, नाहीतर रिम एका अंगाला ओढली जाते. मागच्या चाकात रिम लॉकचा (टायर रिमवर घसरू न देणाऱ्या पकडीचा) बोल्ट असतो ना, त्याच्या शेजारचे स्पोक सगळ्यात आधी सुटतात. आजूबाजूची मंडळी पेट्रोलच्या गप्पा मारत असताना तुम्ही चाकाजवळ उकिडव्या बसून टकटक करत असाल, थोडं हसतील. हसू द्या.

चेनही पहिल्या एक-दोन तासांत लांबते. पण घाईने टाइट करू नका, टाइट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. तुम्ही बसलात, मागची बाजू दबली, की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) खिळा आणि मागचा आस एका रेषेत येतात, तिथे चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. स्टँडवर छान ताठ दिसणारी चेन तिथे गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढून खाते. मोजायची जागा आणि किती ढील ठेवायची हे पुस्तिकेत असतं, बहुतेकांत ५०-६० मिलिमीटरच्या आसपास. नवख्या डोळ्याला चेन लोंबतेय असंच वाटतं.

पहिलं ऑइल मी पहिल्या तासा-दोन तासांतच बदलेन, पुस्तिका जरा सवड देत असली तरी. फोर-स्ट्रोक २५० मध्ये ऑइल साधारण लिटरभर किंवा त्याहूनही कमी असतं, आणि बहुतेक गाड्यांत तेच इंजिन, गिअर आणि क्लच या सगळ्यांना पुरवायचं असतं. म्हणून मोटरसायकलचंच घ्या, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलची प्रतखूण) लिहिलेलं. चारचाकीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्यांनी क्लच घसरतो. निघालेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात तिरकं करा, त्यात रुपेरी झाक दिसेल. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बोटाने चोळल्यावर काजळासारखा राखाडी लेप लागला तर ठीक, ते घासून जुळणाऱ्या भागांचं आहे. नखात धरता येईल असा कण किंवा चकचकीत पापुद्रा सापडला तर गाडी पुन्हा चालू करू नका, फोटो काढा आणि तशीच विक्रेत्याकडे न्या. दुसरं ऑइल साधारण पाच तासांवर, त्यात झाक जवळपास नसायला हवी.

सस्पेन्शन कडक-मऊ करणाऱ्या स्क्रूंना पहिले तीन-चार तास हात लावू नका. सील आणि बुश बसायला वेळ घेतात, तोवर सगळं कडकच वाटतं. त्यानंतर सॅग पुन्हा मोजा, तो बहुधा पाच-सात मिलिमीटरने बदललेला असेल.

भावाला गाडी द्यायची का? पाच तासांनंतर जरूर द्या. त्याआधी नको, आणि त्याचं कारण इंजिन नाही. त्याचं वजन तुमच्याहून जास्त असणार, तुमच्या मापाला लावलेल्या सस्पेन्शनवर तो उड्या मारणार, मग स्पोक नक्की कशाने सुटले आणि चेन कशाने लांबली याचा पत्ता लागणार नाही. पहिले पाच तास एकाच माणसाच्या हाताखाली गेले तर गाडीचा प्रत्येक नवा आवाज ओळखीचा होतो. फार हट्ट धरला तर त्याला स्पोक वाजवायला बसवा.

राहिली व्हॉल्व्हची फट, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली बारीक जागा. ती पुस्तिकेत सांगितलेल्या पहिल्या तपासणीलाच बघून घ्या, चुकवू नका. सुरुवातीला व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका एकमेकांत बसतात, त्यामुळे फट थोडी कमी होणं साहजिक आहे. मेकॅनिकने नुसतं "ओके आहे" म्हटलं तर समाधान मानू नका. चारही व्हॉल्व्हचे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून मागा, शेजारी अवर मीटरचा आकडा लिहा, आणि कागद पुस्तिकेत ठेवा. पुढच्या तपासणीला एखाद्या व्हॉल्व्हची फट झपाट्याने कमी होत चाललेली दिसली, तर गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुर करू लागण्याआधीच तुम्हाला ते कळलेलं असेल.